ई-मायग्रेट: आखाताच्या वाटेवरचं सरकारी पोर्टल कितपत कामाचं?

सौदी, कुवेत, ओमान किंवा दुबईला निघालेला प्लंबर, गवंडी, ड्रायव्हर, मेसमधला आचारी. यांच्यापैकी ज्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी आवश्यक) छापलेलं असतं, त्याला विमानात बसण्याआधी भारत सरकारची परवानगी लागते आणि ती ई-मायग्रेट या पोर्टलवरूनच मिळते. पोर्टल २०१४ पासून चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आणि मोबाईल ॲप आलं. सेवा सक्तीची आहे, त्यामुळे घ्यावी की घेऊ नये हा प्रश्न उरत नाही. तिच्यातून किती काम काढून घेता येतं एवढंच बघायचं. मत आधीच सांगून टाकतो: पुढे तंटा झाला तर हातात पुरावा असावा म्हणून हे पोर्टल फार चांगलं आहे. रखवालदार म्हणून बेताचं. पाचपैकी तीन.

कोणाला लागू

यामागचा कायदा, एमिग्रेशन ॲक्ट, १९८३ चा. दहावी पास नसलेल्याचा पासपोर्ट साधारणपणे ईसीआर असतो. दहावी किंवा त्याहून जास्त शिकलेले, आयकर भरणारे, पन्नाशी ओलांडलेले वगैरे लोक यातून सुटतात आणि त्यांच्या पासपोर्टवर काहीच छापलेलं नसतं. ईसीआरवाल्यांना नोकरीसाठी परवानगी लागते ती अठरा देशांकरता: आखातातले सहा देश, शिवाय इराक, जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, येमेन, लिबिया, सुदान, दक्षिण सुदान, अफगाणिस्तान, मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड.

दहावी पास आहात, पण जुन्या पासपोर्टवर ईसीआर राहून गेलंय? दहावीचं प्रमाणपत्र दाखवून पासपोर्ट पुन्हा काढता येतो. एजंटही 'आधी ते काढून टाका' म्हणून मागे लागतात. काढल्यावर मोकळीक मिळते हे खरं, पण खाली जे जे सांगितलं आहे त्यातलं बरंचसं त्याबरोबर हातचं जातं. घाई करू नका.

एजंट तपासणी: सगळ्यात उपयोगी भाग

यासाठी लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, ईसीआर असण्याचीही गरज नाही. पोर्टलवर नोंदणीकृत भरती एजंटांची यादी आहे. राज्य निवडून किंवा एजन्सीचं नाव टाकून शोधता येतं. फक्त नाव सापडलं म्हणून थांबू नका. पुढच्या रकान्यात परवाना चालू आहे, निलंबित आहे, रद्द झाला आहे की मुदत संपली आहे ते लिहिलेलं असतं. निलंबित परवान्यावर नवी भरती करता येत नाही, तरी बाहेरची पाटी तीच लटकत असते.

मग परवाना क्रमांक जुळवा. तो लांबलचक असतो आणि त्यात शहराची खूणही असते. कार्यालयात, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत, फेसबुकच्या पोस्टमध्ये, सगळीकडे तो छापणं एजंटला बंधनकारक आहे. 'युरोप-गल्फ अर्जंट, राहणं-जेवण फ्री' आणि खाली फक्त व्हॉट्सॲप नंबर, अशी जाहिरात असेल तर तिथेच सोडून द्या. याच पोर्टलवर बेकायदा एजंटांचीही यादी आहे आणि तिच्यात तीन हजारांच्या वर नावं आहेत. तीही चाळा, पण त्या यादीत नाव नाही म्हणजे माणूस सरळ आहे असं समजू नका. ज्याच्याविरुद्ध अजून कोणी तक्रारच केली नाही तो त्या यादीत कसा येणार?

आता खरी अडचण. रत्नागिरी-रायगडकडच्या गावातून निघालेला मुलगा मुंबईतल्या परवानाधारकाकडे थेट क्वचितच पोहोचतो. मध्ये गावातला 'आपला माणूस' असतो, त्याच्यावर तालुक्याचा, त्याच्यावर मुंबईतला. या साखळीतल्या सब-एजंटांना पोर्टलवर जागाच नाही. कायद्याच्या कलम १० प्रमाणे नोंदणीशिवाय भरती करता येत नाही, म्हणून ते कागदोपत्री अस्तित्वातच नसतात, आणि पैसे मात्र त्यांच्याच हातात दिले जातात. यावर उपाय एकच: गावातल्या माणसाला परवानाधारक एजन्सीचं नाव आणि क्रमांक विचारा, मग त्याला न सांगता त्या एजन्सीच्या नोंदलेल्या पत्त्यावर जाऊन किंवा फोन करून अमुक कंपनीसाठी भरती चालू आहे का ते विचारा. चालू असेल तर परदेशी कंपनीने दिलेलं मागणीपत्र आणि एजन्सीच्या नावाचं अधिकारपत्र त्यांच्याकडे असतंच. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर काम दुसऱ्याच कोणाचं आहे.

फी

एजंट घेऊ शकतो ती जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये. पावती द्यायलाच हवी. बाजारातला भाव याच्या कितीतरी पुढे, लाखाच्या घरात जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. पोर्टलवर एजंट किती भरतो आणि कामगार खरोखर किती देतो, यांची गाठ घालणारी कुठलीही सोय नाही. इथे पोर्टलला शून्य गुण.

म्हणून पैसे रोख देऊ नका. एजन्सीच्या नावाच्या बँक खात्यात टाका. कोणी स्वतःच्या यूपीआयवर मागितले आणि द्यावेच लागले, तर निदान व्यवहाराच्या शेऱ्यात कंपनीचं आणि कामाचं नाव लिहा. मेडिकल, ट्रेड टेस्ट, व्हिसा स्टँपिंग यांचे पैसे वेगळे सांगितले जातात. प्रत्येकाची पावती त्या त्या केंद्राची मागा. आखाती देशांच्या मेडिकलची वेळ 'वाफिद' या वेबसाइटवर घेतली जाते, सौदीसाठी काही कामांना कौशल्य पडताळणीची परीक्षा असते. ज्याची फी त्याला थेट भरता येते तिथे मधल्या माणसाकडे ठोक रक्कम देण्याचं कारण नाही.

जगभरात आता 'भरतीचा खर्च मालकाने उचलावा' हे तत्त्व मान्य होत चाललं आहे. नेपाळने २०१५ मध्ये 'फ्री व्हिसा, फ्री तिकीट' जाहीर केलं, त्याची अंमलबजावणी कशी झाली ते सोडा. आपल्याकडे निदान मर्यादा लिहिलेली आहे.

अर्ज कसा सरकतो आणि कुठे अडतो

परदेशी मालक पोर्टलवर नोंदणी करतो, कोणत्या कामाला किती माणसं आणि किती पगारावर हवीत ते भरतो, भारतीय दूतावास गरजेप्रमाणे ते पडताळतो, मालक एजन्सी निवडतो. एजन्सी कामगाराचा पासपोर्ट क्रमांक टाकून त्याला त्या मागणीशी जोडते, विमा काढते, कंत्राट आणि व्हिसा चढवते. मग पीओई (प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स) हे सरकारी कार्यालय परवानगी देतं. मुंबईचं कार्यालय बीकेसीतल्या विदेश भवनात आहे. परवानगी विमानतळावरच्या इमिग्रेशनला संगणकावर दिसते, तरी छापील प्रत जवळ ठेवा.

अर्ज अडतो तो बहुधा साध्या कारणांनी. पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि व्हिसावर वेगळं. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी. व्हिसावर 'लोडर', कंत्राटात 'इलेक्ट्रिशियन'. हा शेवटचा फरक दिसला तर एजंटला दुरुस्त करून आणायला लावा आणि स्वतःही सावध व्हा. तिथे गेल्यावर व्हिसावरचंच काम करावं लागण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र अर्ज अडवत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही: अर्ज एजंटच भरतो आणि मोबाईल, ईमेल स्वतःचा टाकतो. मग पुढचे सगळे निरोप, विम्याची पॉलिसी, परवानगीची प्रत त्याच्याच फोनवर. समोर बसून स्वतःचा नंबर टाकायला लावा, आणि घरी राहणाऱ्या कोणाचा तरी दुसरा.

कंत्राट: इथे वेळ घाला

पोर्टलवर चढवलेलं कंत्राट ही या सेवेची खरी किंमत. त्याची प्रत निघण्याआधी हातात आलीच पाहिजे. एजंट 'तिकडे गेल्यावर मिळेल' म्हणाला तर समजा की तिकडे दुसरंच मिळणार आहे.

पगाराचा एकच आकडा बघू नका. मूळ पगार आणि भत्ते वेगळे असतात आणि त्या वाटणीत हजारो रुपये जातात. अमिरातीचं उदाहरण घ्या. तिथे नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. मूळ पगार १,२०० दिरहम असेल तर दिवसाचे ४०, पाच वर्षांचे ४,२०० दिरहम. तेच 'एकूण १,२००, त्यात मूळ ७००' असं लिहिलं असेल तर २,४५० दिरहम. ओव्हरटाइमही मूळ पगारावर किमान २५ टक्के जास्त दराने. पहिल्या कंत्राटात तासाला ६.२५ दिरहम, दुसऱ्यात साधारण ३.६५. हातात येणारी महिन्याची रक्कम दोन्हीकडे सारखीच दिसते, आणि फसगत नेमकी तिथेच होते.

मग कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, जेवण की जेवणाचा भत्ता, राहण्याची सोय, परतीचं तिकीट कोणाचं, प्रोबेशन किती. राहण्याबद्दल कंत्राटात बहुतेक 'कंपनीकडून' एवढंच असतं. एका खोलीत किती जण, आग लागली तर बाहेर पडायला वाट कुठून, हे कुठलंच पोर्टल विचारत नाही. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून पन्नासच्या आसपास माणसं गेली, बहुतेक सगळी भारतीय. त्यातल्या कितीतरी जणांचे कागद चोख असणार.

पगाराची खालची पातळी सरकार ठरवतं, 'किमान संदर्भ वेतन' या नावाने. त्याखालच्या कंत्राटाला परवानगी मिळू नये अशी कल्पना. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडमुळे नोकऱ्या जाऊ नयेत असं कारण देऊन ही पातळी आखातासाठी ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणली गेली. बऱ्याच देशांसाठी ती महिना २०० डॉलर झाली. तेलंगण उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि जुलै २०२१ मध्ये जुने दर परत आले. मधल्या काळात जे कमी पगाराच्या कंत्राटांवर गेले त्यांचं काय, याला उत्तर नाही. शिवाय हे दर भारताने ठरवलेले. तिथल्या कोर्टात त्यांना वजन नाही. तिथे चालतं ते तिथलं कंत्राट आणि तिथला कायदा. कतारने मार्च २०२१ पासून सगळ्यांसाठी किमान वेतन १,००० रियाल केलं, जेवण मालकाकडून नसेल तर ३०० आणि राहणं नसेल तर ५०० वेगळे. हे कोर्टात मागता येतं.

एक कंत्राट इथे आणि दुसरंच तिथे, हा आखाती भरतीतला सर्वांत जुना प्रकार. ई-मायग्रेट त्याला अडवत नाही, कारण तिथल्या कामगार मंत्रालयाच्या संगणकात काय नोंदलं गेलं ते या पोर्टलवर कामगाराला दिसत नाही. याबाबत कतारची पद्धत सरस आहे. मुंबईसह भारतातल्या सात शहरांत कतार व्हिसा केंद्रं आहेत. बोटांचे ठसे, मेडिकल आणि कंत्राटावरची सही एकाच ठिकाणी, निघण्यापूर्वी. सही करायच्या आधी आकडा वेगळा दिसला तर तिथेच नकार देता येतो. कतारला जाणाऱ्याने पोर्टलवरचं कंत्राट छापून त्या केंद्रात घेऊन जावं आणि ओळ न् ओळ जुळवावी.

विमा: पैसा वसूल

परवानगीसाठी एजन्सी जो विमा काढते त्या प्रवासी भारतीय विमा योजनेचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाख. परदेशातल्या इस्पितळाच्या खर्चाला एक लाखापर्यंत, पण एका वेळी ५०,००० पेक्षा जास्त नाही. नोकरीसंबंधी खटल्याच्या खर्चाला ४५,०००. मालक किंवा जागा बदलली तरी संरक्षण चालू राहतं, ही २०१७ मधली सुधारणा महत्त्वाची. आणखी एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते: मालक घ्यायलाच आला नाही, काम कंत्राटापेक्षा खालच्या दर्जाचं निघालं किंवा कामगाराचा दोष नसताना मुदतीआधी काढून टाकलं, तर परतीच्या तिकिटाचा खर्च विम्यातून मागता येतो. त्यासाठी भारतीय दूतावासाचा दाखला लागतो. तो घेतल्याशिवाय स्वतःच्या पैशाने परत आलात तर दावा लंगडा पडतो.

उणीव मोठी आहे. रक्कम अपघाती मृत्यूची. आखातात तरुण कामगार झोपेत, हृदय बंद पडून जातात, आणि दाखल्यावर कारण 'नैसर्गिक' लिहिलं जातं. त्या घरच्यांना दहा लाख मिळत नाहीत. म्हणून ३७५ रुपयांचा हा विमा हवाच, पण घरातल्या कमावत्यासाठी साधा मुदतीचा जीवन विमाही काढा. अर्जात परदेशी नोकरी असल्याचं खरं खरं लिहा. हप्ता दोन नव्हे तर तीन वर्षांचा घ्या, नूतनीकरण ऑनलाइन होतं तरी तिकडे गेल्यावर ते कोणी लक्षात ठेवत नाही. वारसाचं नाव आणि त्या व्यक्तीच्या आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं.

निघण्यापूर्वी एक दिवसाचं मोफत प्रशिक्षण असतं. बसून घ्या. हजेरीपुरतं होतं तिथेही हेल्पलाइन आणि स्थानिक कायद्याची माहिती कामाची असते.

जिथे जाळं फाटलेलं आहे

व्हिजिट व्हिसा. पर्यटक म्हणून ईसीआर पासपोर्टवर परतीच्या तिकिटासह जाता येतं; दुबईत उतरून तिथेच नोकरीचा व्हिसा करायचा. पोर्टलवर कंत्राट नाही, विमा नाही, एजंट नाही. नंतर भांडण झालं तर दूतावासाकडे तुमची नोंदच नाही. 'क्लिअरन्सची कटकट नको' म्हणणारा एजंट हीच वाट दाखवतो.

बायका. ईसीआर पासपोर्टवर या देशांत कामाला जाणारी बाई किमान तीस वर्षांची हवी, आणि २०१६ पासून भरती फक्त ठरावीक सरकारी संस्थांमार्फत. या संस्था प्रामुख्याने केरळ, तमिळनाडू, आंध्र, तेलंगण, उत्तर प्रदेश अशा राज्यांच्या. हेतू संरक्षणाचा, पण सरळ दार अरुंद झालं की घरकामासाठी निघालेल्या बाईला व्हिजिट व्हिसावर दुबई आणि तिथून ओमान असा वळसा घालायला लावणारे सापडतातच.

आणि शिकलेले. दहावी पास म्हणजे स्वतःची काळजी घेऊ शकतो, हे १९८३ मधलं गृहीतक. थायलंड अठरा देशांच्या यादीत आहे, पण 'डेटा एंट्री'च्या नोकरीला बँकॉकला गेलेले पदवीधर ईसीआर नव्हते, म्हणून त्यांना कोणी काही विचारलं नाही. तिथून सीमेपलीकडे म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर त्यांना डांबलं गेलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणलं. म्यानमार, लाओस, कंबोडिया तर यादीतच नाहीत. ईसीआर नसलेल्यांची नोंदणी १ जानेवारी २०१९ पासून सक्तीची करायचं ठरलं होतं, ओरड झाली आणि ते थांबवलं. नव्या कायद्याचे मसुदे २०२१ आणि २०२५ मध्ये आले. तोवर दहावी पास मुलाने एवढं तरी करावं: एजंट तपासणी, कंत्राटाची प्रत आणि पोहोचल्यावर दूतावासाकडे नोंदणी.

इतर देशांशी तुलना केली की आपली ढिलाई दिसते. फिलिपिन्समध्ये परदेशी मालकाने पगार बुडवला तर तिथली भरती एजन्सी कायद्याने त्याच्याइतकीच देणेकरी असते. कामगार मनिलात दावा लावून एजन्सीकडून वसूल करू शकतो. घरकामगारांकडून भरती फी घेण्यास तिथे २००६ पासून बंदी. बाहेरून कामगार घेणाऱ्या दक्षिण कोरियाने २००४ पासून सरकार-ते-सरकार भरती चालवली आहे, खासगी एजंट मध्ये नाहीच. नेपाळ त्या योजनेत आहे, भारत नाही. आपल्याकडे मोठ्या एजंटची ५० लाखांची बँक हमी सरकारकडे असते, लहानाची ८ लाखांची. तिच्यावर हात टाकण्याचा निर्णय मात्र अधिकाऱ्यांचा.

तक्रार कुठे

चुकीच्या खिडकीवर गेलेली तक्रार महिनोन्‌महिने पडून राहते, म्हणून हे नीट वाचा. परवानाधारक एजंटविरुद्ध: ई-मायग्रेटवर, ती पीओईकडे जाते. पगार थकला, पासपोर्ट अडकवला, माणूस तुरुंगात आहे किंवा वारला: परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर, ती त्या देशातल्या दूतावासाकडे जाते. घरच्या माणसालाही 'मदद'वर तक्रार नोंदवता येते. फोनसाठी १८००-११-३०९०, चोवीस तास. अडकून पडलेल्याचं तिकीट, तात्पुरता निवारा, पार्थिव आणण्याचा खर्च यांसाठी दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९ पासून. कोणी आपणहून देत नाही, लेखी मागावा लागतो.

विनापरवाना एजंटविरुद्ध स्थानिक पोलीस ठाणं. इथे 'केंद्राची मंजुरी लागते' असं सांगून परत पाठवतात. कलम २७ मध्ये खटल्यासाठी मंजुरीची अट आहे खरी, पण तक्रार स्वतः कामगाराने किंवा त्याच्या वतीने आई-वडील, नवरा-बायको, मुलं, भावंडं यांच्यापैकी कोणी केली असेल तर ती लागत नाही. हे कलम छापून सोबत न्या. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड फक्त २,००० रुपयांपर्यंत, म्हणून फसवणुकीचं कलमही लावायला सांगा.

तिकडच्या मुदती सांभाळा. सौदीत नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांत दावा लावला नाही तर तो साधारणपणे ऐकलाच जात नाही. 'मदद'वरची तक्रार म्हणजे तिथल्या कोर्टातला दावा नाही. दोन्ही एकाच वेळी सुरू करा. आणि परत येण्यापूर्वी दूतावासात कोणाला तरी अधिकारपत्र करून द्या, नाहीतर तारखेला उभं राहायला तिथे कोणीच उरत नाही.